पेडल, पाट आणि गुडघा

"ताई, तुमचा सूर येतो तेव्हा टोचतो आणि हवा असतो तेव्हा नसतो," आमचे कीबोर्डवाले दादा तालमीत म्हणाले. दादा फटकळ आहेत, पण कान पक्का. मी आधी अ‍ॅम्प्लिफायरला दोष दिला, मग तारांना, मग त्या पत्र्याच्या हॉलला. घरी येऊन मोबाईलवरचं रेकॉर्डिंग ऐकलं आणि मुकाट्याने चहा टाकला. गाणारी बाई चार मात्रा स्वर धरून उभी, आणि माझी गिटार पहिल्या मात्रेला 'टण्' करून दुसरीला अंतर्धान!

मी सहकारी बँकेत नोकरी करते, निवृत्तीला दोन वर्षं आहेत. शाळेत असताना हवाईयन गिटार शिकले होते. तेव्हा मध्यमवर्गीय घरांत ते एक वेडच होतं. पुढे लग्न, बदल्या, मुलं, आणि गिटार माळ्यावर. तीन वर्षांपूर्वी जुनी गाणी वाजवणारा आमचा आठ जणांचा ग्रुप जमला. गणपती, कोजागरी, एखाद्या ज्येष्ठ नागरिक संघाचा वर्धापनदिन, एवढाच आमचा पल्ला. त्यासाठी मी लॅप स्टील, म्हणजे मांडीवर आडवी ठेवून वाजवायची, विजेवर चालणारी हवाईयन गिटार घेतली. सहा तारा, जाड तारेकडून बारीक तारेकडे सा-ग-प-ध-सा-ग अशा लावलेल्या. अमेरिकेत याला सी सिक्स्थ म्हणतात. मला सा-ग-प-ध जास्त जवळचं वाटतं.

सगळ्या हवाईयन वादकांचं दुखणं एकच. तार छेडली त्या क्षणी आवाज सगळ्यात मोठा असतो, तिथून पुढे नुसती उतरण. तारांवर बार, म्हणजे धातूचा दांडका, सरकवून मींड काढावी तर मींड पोहोचेपर्यंत आवाजातला जीव गेलेला. उपाय पायात असतो. व्हॉल्यूम पेडल, म्हणजे पायाने आवाज कमी-जास्त करायची पाटी, अर्ध्यावर ठेवून तार छेडायची, म्हणजे तो सुरुवातीचा टोचरा आघात दबतो. मग आवाज उतरू लागला की पाय हलकेच पुढे न्यायचा. उतरण सुरूच असते, पण पाय ती ऐकणाऱ्याला कळू देत नाही. स्वराची आस, म्हणजे मागे रेंगाळणारा नाद, लांबल्यासारखी वाटते.

हे मला कळायला खरं तर इतकी वर्षं लागायला नको होती. माझी आत्या नाट्यसंगीताच्या मैफलींना ऑर्गनची साथ करायची. लहानपणी मी तिच्या पायांशी बसून ते दोन्ही पाय भाता मारताना बघत असे. वर बोटं काहीही करोत, फुलणं-ओसरणं सगळं पायांत होतं. आत्याला व्हॉल्यूम पेडल दाखवलं असतं तर ती म्हणाली असती, "एवढंच?"

पेडल घ्यायचं ठरलं. चार हजारांच्या वर जायचं नाही असं घरी जाहीर केलं. जाहीर केलं नसतं तर मी दहावर गेले असते, हे मला आणि घरच्यांना दोघांनाही माहीत होतं.

पहिला प्रयोग फुकटातला. दादांनी त्यांच्या कीबोर्डचं पेडल दिलं. त्याला एकच वायर, कायमची जोडलेली, टोकाच्या पिनेवर तीन भाग. गिटारची पिन घालायची कुठे? ते निघालं एक्स्प्रेशन पेडल. त्यातून आवाज जातच नाही. पाय किती दाबला एवढंच ते कीबोर्डला कळवतं, आणि आवाज कमी-जास्त कीबोर्ड स्वतःच करतो. माझ्या गिटारला काय कळवणार? दिसायला दोन्ही पेडलं भावंडं, त्यामुळे ऑनलाईन जाहिरातीतही फसायला होतं. आत जायला एक आणि बाहेर यायला एक अशी दोन भोकं आहेत का, हे फोटोत आधी बघायचं, एवढं त्यातून शिकले.

दुसरं उसनं पेडल दादांच्या मित्राचं. त्याला भोकं चांगली चार होती. जोडलं, वाजलं, पण गिटारच्या तोंडावर कुणी उशी दाबल्यासारखं. वरच्या तारेची सगळी चमक गेली. मला वाटलं, बिघडलंय. बिघडलेलं काही नव्हतं, ते कीबोर्डसाठी बनवलेलं होतं. गिटारच्या पिकअपमधून, म्हणजे तारांची थरथर विजेत बदलणाऱ्या भागातून, येणारा आवाज अशक्त असतो. त्याच्यापुढे मोठा अडथळा असेल तरच तो शाबूत राहतो. म्हणून गिटारच्या साध्या, बॅटरी न लागणाऱ्या पेडलमधला कंट्रोल, म्हणजे आवाज कमी-जास्त करणारा आतला फिरता भाग, २५० किंवा ५०० किलोओहमचा असतो. ओहम हे त्या अडथळ्याचं माप. कीबोर्डचा आवाज मुळात दमदार, त्याला २५-५० किलोओहम चालतात. माझ्या बिचाऱ्या पिकअपला ते झेपत नाही, आणि आधी चमकच जाते. कंपन्या हे खोक्यावर लिहितात, पण इतक्या बारीक अक्षरांत की चष्म्याला हात लावावाच लागतो. बॉस कंपनीच्या पेडलांत नावाच्या शेवटी 'एच' असेल तर गिटारचं, 'एल' असेल तर कीबोर्डचं. अर्नी बॉल कंपनीच्या व्हीपी ज्युनियर पेडलमध्ये २५० के (के म्हणजे किलोओहम) साध्या पिकअपसाठी, आणि २५ के बॅटरीवाल्या पिकअपसाठी किंवा आधीच बफर, म्हणजे सिग्नलला बळ देणारं सर्किट, असेल तर. एका शून्याचा फरक, पण दुकानात दोन्ही एकाच फळीवर.

मग महिनाभर मी रात्री जेवणानंतर पेडलं बघत बसायचे. ह्यांनी विचारलं, "साड्या बघतेस का?" साडी बघायला इतका वेळ लागत नाही.

पसंत पडली ती सगळी बजेटबाहेरची. अमेरिकेतले पेडल स्टील (स्वतःच्या पायांवर उभी असणारी स्टील गिटार) वाजवणारे जी खास पेडलं वापरतात, हिल्टन, गुडरिच वगैरे, त्यांचा भाव रुपयांत करून पाहिला आणि पान बंद केलं. हिल्टनमध्ये फिरणारा कंट्रोलच नसतो, प्रकाशकिरणाने काम होतं, त्यामुळे झिजायला काही नाही. नावाजलेली साधी गिटार पेडलं नवी घ्यायची तर आमच्याकडे दहा हजारांच्या आसपास. चार हजारांत उरली ती दोन प्रकारची. एक, छोटी 'टू इन वन', व्हॉल्यूम आणि वाह (आवाजाला 'वाँव' असा हेल देणारं पेडल) एकत्र. दुसरी, प्लास्टिकची हलकी, साधी. आणि तिसरा मार्ग सेकंडहँड.

शनिवारी अर्धा दिवस टाकून एका मोठ्या वाद्यांच्या दुकानात गेले, गिटार पिशवीत घालूनच. तिथल्या मुलाला म्हटलं, "लॅप स्टीलसाठी व्हॉल्यूम पेडल बघायचंय." तो म्हणाला, "मॅडम, लॅपटॉपला यूएसबीवालं लागेल." त्याचा दोष नाही. पण मला उगाच वाईट वाटलं. बाजारात खऱ्या अर्थाने चाललेली पहिली इलेक्ट्रिक गिटार ही लॅप स्टीलच होती, १९३२ ची रिकनबॅकर, आकारावरून तिला 'फ्राइंग पॅन' म्हणायचे. आणि आज दुकानात पंचवीस इलेक्ट्रिक गिटारी टांगलेल्या असताना त्यांच्या आजीला कुणी ओळखत नाही. मी पिशवी उघडून दाखवली. मुलगा हौशी निघाला, खुर्ची आणून दिली, अ‍ॅम्प्लिफायर लावून दिला.

आणि इथे खरी गंमत कळली. तोपर्यंत मी ओहम, चमक, किंमत असलंच काही मोजत होते. मुलाने पेडल उभ्याने पाय ठेवून दाखवलं तेव्हा मस्त चाललं. मी खुर्चीवर बसले, गिटार मांडीवर घेतली, उजवा पाय पेडलवर ठेवला, आणि गिटार डावीकडे घसरायला लागली. कारण साधं. पेडल जमिनीपासून चांगलं चार बोटं उंच, त्यामुळे उजवा गुडघा वर, डावा खाली, आणि मांडीचा उतार झालेला. कशीबशी सावरून वाजवलं तर पाय दाबताना गुडघा हलतो, गुडघ्याबरोबर गिटार हलते, गिटारबरोबर बारखालची तार हलते. हवाईयनला पडदे नसतात, बार नेमक्या रेघेवर असेल तरच सूर. केसाएवढं हललं तरी बेसूर. म्हणजे आवाज नीट करायला आणलेलं पेडल सूर बिघडवणार!

उभ्याने गिटार वाजवणाऱ्याला हा प्रश्नच पडत नाही. पेडल स्टीलवाल्यांनाही नाही, त्यांचं वाद्य स्वतःच्या पायांवर उभं असतं. मांडीवर वाद्य घेणाऱ्याचंच हे दुखणं, आणि ते कुठल्याच खोक्यावर लिहिलेलं नसतं. त्या मुलाने एकेक करून चार पेडलं काढून दिली. मी आवाज बाजूला ठेवला आणि नुसता गुडघा बघत बसले. सगळ्यात महाग, जाडजूड लोखंडी पेडल माझ्यासाठी सगळ्यात वाईट ठरलं. माझी उंची पाच फूट, पाऊल लहान. त्या लांबलचक पाटीवर टाच टेकवली की बोटं निम्म्यावरच संपतात.

तिथे बसल्या बसल्या आणखी एक उमगलं. पाटी ज्या खिळीवर डोलते ती खिळी बहुतेक पेडलांत मध्याच्या आसपास असते. बोटं खाली गेली की टाच वर येते, आणि टाच वर म्हणजे गुडघा वर. पण पाऊल पुढे सरकवून घोटा बरोबर खिळीच्या वर आणला तर? मग घोटा जागच्या जागी राहतो, पुढचं पाऊल तेवढं वर-खाली होतं. बोटं पेडलच्या पुढे थोडी लोंबतात, दिसायला बावळट दिसतं, पण गुडघा शांत. लांब पाटीवर हे जमेना, आखूड पाटीवर जमलं. आखूड आणि बुटकं, असं माझ्यासारखंच पेडल हवं, हे ठरलं. त्या दिवशी घेतलं काहीच नाही. मुलाचा संकोच वाटून दोन सेट तारा तेवढ्या घेतल्या.

पंधरा दिवसांनी एक जाहिरात दिसली. औंधला एक मुलगा शिकायला जर्मनीला निघाला होता, सामान काढत होता. प्लास्टिकचं, आखूड पाटीचं, आत दातेरी पट्टीवर फिरणारा कंट्रोल. दोन हजार आठशे म्हणाला. मी गिटार, एक छोटा अ‍ॅम्प्लिफायर, दोन वायरी आणि लाकडी फूटपट्टी घेऊन गेले. त्याच्या आईने दार उघडलं आणि एवढं सामान बघून म्हणाली, "या, या, कार्यक्रम आहे का?"

सेकंडहँड पेडल बघताना मी काय केलं ते सांगते. आधी नुसती गिटार अ‍ॅम्प्लिफायरला जोडून वरच्या तारेचा आवाज कानात भरून घेतला. मग मध्ये पेडल घालून पूर्ण पुढे दाबून तोच स्वर. चमक फारशी गेली नव्हती. मग काही न वाजवता पेडल सावकाश खाली-वर केलं. मध्यावर 'खर्रर्र' आलं. म्हणजे कंट्रोल झिजलेला किंवा आत धूळ. मग वायर भोकात घालून हलकेच हलवली, कडकड नाही. फूटपट्टीने उंची मोजली, सहा सेंटिमीटर. शेवटी बसून, घोटा खिळीवर आणून वाजवलं. पेडलला ट्यूनरसाठी तिसरं भोक होतं. त्यात मुलाचा ट्यूनर लावलेला होता, तो मी काढायला लावला, तर आवाज किंचित खुलला. तिथे वायर असली की थोडा आवाज तिकडे वाटला जातो. मी तसाही चिमट्याचा ट्यूनर वापरते.

खरखरीवर बोट ठेवून दोन हजार दोनशेला घेतलं. त्याची आई कॉफी प्यायल्याशिवाय सोडेना, त्यामुळे घासाघीस अर्धवट राहिली.

खरखर जाईल म्हणून आधी कॉन्टॅक्ट क्लीनर मारला. दोन आठवडे छान गेले, मग पुन्हा खर्रर्र. शिवाय दुसरी एक तक्रार मला छळत होती. टाचेपासून जरा पाय हलवला की आवाज एकदम उसळी मारायचा, आणि मग पुढचं सगळं अंतर पाय नेला तरी फरक जवळपास शून्य. आघात लपवायला जी बारीक हालचाल हवी तिला जागाच नव्हती. पेडल उघडलं. खालचे चार स्क्रू, आत एक दातेरी चाक, त्याखाली कंट्रोल, त्यावर छाप 'बी ५०० के'.

त्या 'बी'त सगळं होतं. बी म्हणजे सरळ प्रमाणात वाढणारा. सरळ म्हणजे चांगलं असं वाटतं, पण कान सरळ मोजत नाही. बी कंट्रोल अर्ध्यावर आला की सिग्नल निम्मा होतो, म्हणजे सहा डेसिबलच उतरतो, आणि कानाला तो 'जरासा कमी' एवढाच वाटतो. खरा चढ-उतार टाचेजवळच्या एवढ्याशा पट्टीत कोंबलेला. 'ए' छापाचा कंट्रोल अर्ध्यावर साधारण दहा-पंधरा टक्केच सिग्नल पुढे सोडतो, त्यामुळे कानाला चढ सगळ्या अंतरावर सारखा पसरलेला वाटतो. आवाजासाठी ए, असं दुरुस्तीवाले सरसकट सांगतात ते यामुळेच.

बुधवार पेठेत तपकीर गल्लीच्या आसपास दोन तास फिरले. "कंट्रोल द्या, पाचशे के, ए टाईप." पहिल्या दुकानात शंभर के मिळत होता, "चालतो हो मॅडम." चालत नाही, हे आता मला माहीत होतं. दुसऱ्या दुकानात बरोबर मिळाला, चाळीस रुपयांना. घरी आले तर त्याची दांडी खाचांची, आणि माझ्या दातेरी चाकाला एका बाजूने कापलेली चपटी दांडी हवी. परत गेले. या वेळी चपटी मिळाली, पण दोन सूत लांब. तिसऱ्यांदा जुना कंट्रोल काढून रुमालात बांधून नेला आणि काउंटरवर ठेवला. हे मी पहिल्याच दिवशी करायला हवं होतं. मिक्सरच्या भांड्याचं रबर आणायला जाताना जुनं रबर पर्समध्ये घालून नेणारी मी बाई, पण इलेक्ट्रॉनिक्स म्हटल्यावर अक्कल घरी ठेवून गेले.

तीन वायरी काढून सोल्डर करणं भाच्याने पाच मिनिटांत केलं. खरं काम पुढे होतं. पेडलची पाटी पूर्ण हलली तरी कंट्रोल पूर्ण फिरत नाही, त्यामुळे दातेरी चाक पट्टीवर कुठल्या दात्यापासून बसवायचं ते आपण ठरवायचं. टाचेला आवाज शून्य हवा असेल तर बोटांकडे तो पूर्ण खुलत नाही, बोटांकडे पूर्ण हवा तर टाचेला थोडा उरतो. भाचा म्हणाला, "मावशी, शून्य तर झालंच पाहिजे." मी म्हटलं, "मला शून्य कधीच नको असतं रे." पुढे पूर्ण खुलेल असं बसवलं. चार वेळा उघडबंद झाली, एक स्क्रू कायमचा हरवला. सगळा हिशेब दोन हजार चारशे साठ रुपये, रिक्षा सोडून.

आणखी एक फरक वायरीने पडला. पेडलपासून अ‍ॅम्प्लिफायरपर्यंत मी सहा मीटरची वायर वापरत होते. पेडल अर्ध्यावर असताना लांब वायर चमक गिळते, पूर्ण पुढे असताना तितकी नाही. मग एकाच स्वरात आवाजाबरोबर त्याचा पोतही बदलतो, मंद ते झळझळीत. काहींना ते आवडतं. मला नाही. तीन मीटरची आणली. अ‍ॅम्प्लिफायर जवळ ओढावा लागतो, आणि तबलावाले कुरकुरतात.

उरला उतार. पेडल सहा सेंटिमीटर, म्हणजे डाव्या पायाखाली तेवढंच काहीतरी हवं. पुस्तकं पायाखाली घेववेनात. फोमचा तुकडा दबायचा. शेवटी माळ्यावरून जेवायला बसायचा जुना शिसवी पाट काढला. पितळी फुल्या असलेला, आईचा. उंची मोजली, साडेपाच. त्यावर डावा पाय ठेवला, मांडी सपाट झाली, आणि गिटार पहिल्यांदा हलायची थांबली.

पहिले पंधरा दिवस मी पेडल आत्याच्या ऑर्गनच्या भात्यासारखं मारत होते. प्रत्येक स्वराला पाय, प्रत्येक स्वर फुगलेला. दादा म्हणाले, "ताई, बोटीत बसल्यासारखं वाटतंय." मग पायाला शिस्त लावली. मेट्रोनोम लावून एकच स्वर, चार मात्रा, चारही मात्रा सारख्या ऐकू आल्या पाहिजेत. रेकॉर्ड करायचं, ऐकायचं, पुन्हा. छोट्या स्वरांना पाय जागेवरच. लांब स्वरालाच हलवायचा, आणि तोही पुढची अर्धी वाट शिल्लक ठेवून, कारण सुरुवातीलाच सगळा पाय खर्च केला तर शेवटच्या मात्रेला देणार काय? दोन महिन्यांनी एक मींड अशी निघाली की कुठे छेडली ते मलाच रेकॉर्डिंगमध्ये सापडेना. ती मी ह्यांना तीनदा ऐकवली. चौथ्यांदा ते फिरायला गेले.

पहिला कार्यक्रम कोजागरीला, कोथरूडच्या एका सोसायटीच्या गच्चीवर. खुर्ची, गिटार, पेडल, तीन मीटरची वायर, सगळं लावून मी चहा घ्यायला गेले. परत आले तर पाट गायब. शोधते तर समोर! आयोजक काकूंनी त्यावर वस्त्र घालून सरस्वतीचा फोटो मांडला होता, पुढे समई पेटवलेली, हार घातलेला. "तुमचाच का हो? किती छान आहे! मी म्हटलं मंडळाचाच आहे." आता देवीला खाली उतरवून तिथे पाय ठेवायला मागायचा कसा?

भाच्याने गच्चीच्या कोपऱ्यातून, टाकीच्या बांधकामातली उरलेली एक वीट आणली, वर्तमानपत्रात गुंडाळून डाव्या पायाखाली सरकवली. पाटापेक्षा जरा उंच होत होती, म्हणून उजवीकडे पेडलखाली दुमडलेलं पायपुसणं घातलं. ढोलकीवाल्याने वाकून पाहिलं आणि म्हणाला, "ताई, पांडुरंगाला निदान दोन्ही पायांखाली वीट आहे." निवेदक माईककडे निघाला होता, म्हणून मी हसू दाबलं आणि घोटा खिळीवर आणला.